हाताला काम आणि हक्काचे साहाय्य

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामसभेत एक प्रश्न अधूनमधून हमखास निघतो. गावातील एखादा तरुण जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा जातो. उपचार होतात, जखम भरून येते आणि मालक त्याला भांडारात मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम देतो. सकाळी डबा घेऊन तो पूर्वीसारखाच कामावर जाऊ लागतो. महिन्याच्या महिन्याला पूर्ण पगार घरी येतो आणि त्याशिवाय कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून त्याच्या बँक खात्यात आणखी काही रक्कम जमा होते. वर्षा-दोन वर्षांत ही गोष्ट गावात कळते. मग सभेत कोणीतरी उठून विचारतो, "पूर्ण वेळ कामही करायचे आणि वर अपंगांचे पैसेही घ्यायचे, हा कुठला न्याय? जो काम करू शकतो तो अपंग कसा?"

त्याच गावात दुसऱ्या एका घरी वेगळाच प्रसंग घडत असतो. लहानपणी पोलिओ झालेली एक मुलगी बारावीपर्यंत शिकलेली आहे. संगणकावर मराठी टंकलेखन तिला उत्तम येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला दरमहा अनुदान मिळते. तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेत पूर्ण वेळ नोकरीची संधी चालून येते, तेव्हा तिची आई म्हणते, "नको ग बाई. नोकरी आज आहे, उद्या नाही. सरकारचे पैसे एकदा बंद झाले, की पुन्हा कोण चालू करून देणार?" मुलगी घरीच राहते.

या दोन्ही घरांत येणाऱ्या पैशाला गाव एकाच नावाने ओळखते : 'अपंगांचे पैसे'. वस्तुतः हे पैसे एका जातीचे नाहीत. त्यांचा उगम वेगळा, हेतू वेगळा आणि नोकरीशी असलेला त्यांचा संबंधही वेगळा आहे. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पहिल्या घरातील प्रामाणिक कामगारावर चोरीचा आळ येतो, आणि दुसऱ्या घरातील कर्तबगार मुलगी भीतीपोटी घरात अडकून पडते. पूर्वी 'अपंग' आणि आता 'दिव्यांग' असे ज्यांना संबोधले जाते, त्यांच्या संदर्भात शासन, शाळा व पंचायत यांनी जो विवेक दाखवावयास हवा, त्याची सुरुवात या भेदापासून होते. कोणतेही साहाय्य समोर आले, की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हे पैसे कशाबद्दल आहेत?

याची उत्तरे मुख्यतः तीन आहेत. काही पैसे गमावलेल्या अवयवाची व क्षमतेची भरपाई म्हणून मिळतात. काही पैसे उत्पन्नाचे साधन नाही म्हणून मिळतात. आणि काही सवलती अपंगत्वासह जगताना जो वाढीव खर्च येतो, त्याचा भार हलका करण्यासाठी असतात. माणूस कामावर जाऊ लागला, म्हणून यांतील पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचे कारण नाहीसे होत नाही. केवळ दुसऱ्या प्रकाराचा प्रश्न उरतो, आणि तोही नीट विचार करून सोडविण्यासारखा आहे.

भरपाई म्हणजे पगार नव्हे

कामगाराला कामावर इजा झाली, तर त्याची जबाबदारी उद्योगाने उचलावी, हे तत्त्व आपल्या देशात जुने आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्यानुसार मालकाने कामगारास एकरकमी भरपाई द्यावयाची असे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा अधिनियम आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे या योजनेचा प्रारंभ झाला. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या या योजनेने एकरकमी भरपाईऐवजी आयुष्यभर मिळणाऱ्या नियमित रकमेची व्यवस्था केली. या दोन्ही कायद्यांतील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

विमा योजनेत अपंगत्वाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिले तात्पुरते. जखम भरेपर्यंत कामगार कामावर जाऊ शकत नाही, तोवर त्याला सरासरी मजुरीच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. ज्या दिवशी तो काम करून मजुरी घेईल, त्या दिवसाचा हा लाभ त्याला मिळत नाही. हे योग्यच आहे; कारण हा लाभ बुडालेल्या मजुरीच्या जागी असतो.

दुसरे अपंगत्व कायमचे. तेथे हिशेब निराळा होतो. वैद्यकीय मंडळ कामगाराची तपासणी करून त्याची अर्जनक्षमता, म्हणजे कमावण्याची शक्ती, किती टक्के घटली ते ठरविते. त्या प्रमाणात त्याला तहहयात रक्कम मिळते. एका कामगाराची सरासरी दैनिक मजुरी ६०० रुपये होती असे समजू. तिच्या ९० टक्के म्हणजे ५४० रुपये हा पूर्ण दर झाला. कायद्याच्या अनुसूचीत अंगठा जाण्याने होणारी हानी ३० टक्के धरली आहे. म्हणून त्याला ५४० रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे रोज १६२ रुपये मिळतील. ३० दिवसांच्या महिन्यात ही रक्कम ४,८६० रुपये होईल. काम करून मजुरी घेतली तर त्या दिवसाचा लाभ नाही, ही अट १९४८च्या कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वापुरतीच घातली होती. कायम अपंगत्वाच्या लाभाला ती लावली नव्हती. तात्पुरते आणि कायमचे हा भेद नव्या संहितेतही राखलेला आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अंगठा गमावलेला कामगार भांडारात पूर्ण वेळ काम करून पूर्ण पगार घेत असला, तरी महिन्याकाठी मिळणारे ४,८६० रुपये त्याच्या हक्काचेच असतात. पुढे त्याला बढती मिळाली, त्याने नोकरी बदलली, किंवा त्याचा पगार विमा योजनेच्या मर्यादेपलीकडे गेला, तरीही ते थांबत नाहीत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला देणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. त्याचा पगार हा आजच्या श्रमाचा मोबदला आहे, आणि ही रक्कम कालच्या हानीची भरपाई आहे. एका खिशात पडतात म्हणून या दोन गोष्टी एक होत नाहीत.

टक्केवारी कशाची?

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमावण्याच्या शक्तीतील घट या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. एका सुतारकाम करणाऱ्या कामगाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. चित्रपटगृहात काम करीत असता पडल्यामुळे त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. शरीराच्या हिशेबाने ही हानी अंशतः होती. परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही, हे लक्षात घेऊन त्याची अर्जनक्षमता पूर्णपणे, म्हणजे १०० टक्के, नष्ट झाली असे मानण्यात आले आणि डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

मोटार अपघाताच्या एका प्रकरणात २०१० साली त्याच न्यायालयाने हा मुद्दा अधिक उलगडून सांगितला. डावा हात गमावलेला मनुष्य वाहनचालक किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. तोच मनुष्य शासकीय कार्यालयात लिपिक असेल, तर त्याची नोकरी चालू राहू शकते. परंतु नोकरी चालू राहिली, म्हणून त्याचे काहीच नुकसान झाले नाही असेही न्यायालयाने म्हटले नाही. भविष्यातील कमाईच्या नुकसानीबद्दल त्याला कमी मिळेल. पण जगण्यातील जी सुखे व सोयी त्याने गमावल्या, त्यांबद्दलची भरपाई त्याला मिळालीच पाहिजे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे.

"काम करतो तो अपंग कसा?" या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अपंगत्व आणि काम या एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी नव्हेत. एक हात असलेला लिपिक दोन हातांच्या लिपिकाइतकेच काम करतो, तेव्हा त्याचा दुसरा हात उगवलेला नसतो. त्याने अधिक कष्टाने तेवढे काम उभे केलेले असते.

सैनिकांच्या बाबतीत रूढ झालेला न्याय

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत गावाला जी शंका येते, ती जखमी सैनिकाच्या बाबतीत सहसा येत नाही. सेवेत अपंगत्व आल्यामुळे घरी परतलेल्या जवानाला निवृत्तिवेतनाचा सेवाघटक व अपंगत्वघटक असे दोन्ही भाग मिळतात. तो पुढे बँकेत सुरक्षारक्षक झाला किंवा कारखान्यात यंत्रचालक झाला, तरी अपंगत्वघटक बंद होत नाही, आणि तसा तो बंद व्हावा असे कोणाला वाटतही नाही.

महाराष्ट्राला या विचाराचा मोठा वारसा आहे. पहिल्या महायुद्धात अवयव गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांना हातचे काम शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. भरपाई मिळाली, आता घरी बसा, असे त्या सैनिकांना सांगण्यात आले नाही. भरपाई घ्या आणि नवे काम शिका, असे सांगण्यात आले. सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. सीमेवर जखमी झालेल्या जवानाला समाजाने हा न्याय मनोमन मान्य केला आहे. प्रेसवर अंगठा गमावणारा कामगारही राष्ट्राच्या उत्पादनाच्या कामातच जखमी झालेला असतो. त्याला निराळे माप लावण्याचे कारण नाही.

निराधाराचे अनुदान आणि आईची भीती

आता दुसऱ्या घराकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. ज्यांना उत्पन्नाचे साधन नाही, अशांच्या निर्वाहासाठी ही योजना आहे. अनुदानाची रक्कम काळानुसार वाढत गेली. २०२३ साली ती दरमहा १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ साली २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील, ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या, १८ ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी असून तीत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे.

या योजनांना उत्पन्नाची मर्यादा असते. निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये होती आणि दिव्यांगांसाठी ती पुढे ५०,००० रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील त्या मुलीला दरमहा ८,००० रुपये पगार मिळणार असेल, तर वर्षाचे ९६,००० रुपये होतात. म्हणजे मर्यादा ओलांडली जाते आणि अनुदान बंद होते. योजनेचा हेतू पाहता यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. ज्याला उत्पन्न नाही त्याच्यासाठी असलेला पैसा उत्पन्न आलेल्याने सोडावा, हे न्याय्यच आहे.

परंतु आईचा हिशेब ऐकून घेतला पाहिजे. पगाराचे ८,००० रुपये आले, अनुदानाचे २,५०० रुपये गेले, उरले ५,५००. मुलीला बस थांब्यापर्यंत चालवत नाही, म्हणून रोज रिक्षा करावी लागेल. दिवसाला १०० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर २,५०० रुपये त्यात गेले. हाती राहिले ३,०००. महिनाभर पूर्ण वेळ राबून पडलेली खरी भर एवढीच. शिवाय सहा महिन्यांनी नोकरी सुटली, तर नव्याने अर्ज, नव्याने उत्पन्नाचा दाखला, तहसील कार्यालयाच्या खेपा आणि समितीच्या मंजुरीची वाट पाहणे आलेच. तोवर घर कशावर चालावे? आईच्या बोलण्याला आळस किंवा लोभ म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या घरात चार पैशांची शिल्लक नाही, त्या घराने अनिश्चित पगारापेक्षा निश्चित अनुदान श्रेयस्कर मानावे, यात व्यवहारज्ञानच अधिक आहे.

या भीतीतून आणखी एक अपाय घडतो. काही जण काम करतात, पण लपून. मालकाला सांगतात, "हजेरीपटावर नाव घालू नका." मालकालाही ते सोयीचेच असते. अशा कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही आणि विम्याची वर्गणीही भरली जात नाही. वेतन किती द्यावयाचे, ते मालकाच्या मर्जीवर राहते. उद्या तेथेच अपघात झाला, तर जी भरपाई त्या अंगठा गमावलेल्या कामगाराला आयुष्यभर मिळते, ती मिळविण्यासाठी याला प्रथम आपण तेथे कामाला होतो हेच सिद्ध करावे लागते. २,५०० रुपयांच्या रक्षणासाठी माणूस आयुष्यभराचे संरक्षण गमावतो. शिवाय अनुदान घेताना उत्पन्न दडविल्याचा दोष त्याच्या माथी येतो तो निराळाच.

वाढीव खर्च आणि नोकरी टिकविण्याचा हक्क

रिक्षाच्या त्या २,५०० रुपयांकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. धडधाकट मुलीला हा खर्च आला नसता. अपंगत्वासह काम करावयाचे, तर प्रवास, साधने, कृत्रिम अवयवांची दुरुस्ती, मदतनीस असे खर्च वाढतात, आणि ते कामामुळे कमी न होता उलट वाढतात. म्हणूनच तिसऱ्या प्रकारच्या सवलती नोकरीकडे पाहून बंद केल्या जात नाहीत. एस.टी.च्या प्रवासभाड्यातील ७५ टक्के सवलत नोकरदार दिव्यांगासही मिळते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक कायम शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीस महाराष्ट्रात व्यवसायकर माफ आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांपासून पुढे ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. व्यवसायकर आणि आयकर हे तर कमावणाऱ्यालाच लागतात. अर्थात अपंग मनुष्य कमावणारा असतो, हे कायद्याने येथे गृहीतच धरले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. सेवेत असताना ज्याला अपंगत्व येते, त्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा त्याची पदावनती करू नये. त्याला पूर्वीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावे. तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असा दंडक कायद्याने घालून दिला आहे. असाच दंडक १९९५च्या कायद्यातही होता. त्याच्या आधारे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय दलातील पाय गमावलेल्या एका शिपायाच्या बाजूने निर्णय दिला. त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळाले आहे, एवढ्यावरून नोकरीचे संरक्षण नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निवृत्तिवेतन हातावर ठेवून एखाद्याची कामाची वाट बंद करणे, म्हणजे त्याचे पुनर्वसन करणे नव्हे.

परतीची वाट मोकळी असावी

निर्वाहासाठी असलेल्या अनुदानाचा प्रश्न इतर देशांनाही पडलेला आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्या कामगाराला ९ महिने काम करून पाहण्याची मुभा असते. त्या अवधीत त्याने कितीही कमावले, तरी लाभ चालू राहतो. त्यानंतरच्या ३६ महिन्यांत ज्या महिन्यात त्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या खाली येईल, त्या महिन्याचा लाभ त्याला नव्या अर्जाशिवाय मिळू शकतो. लाभ बंद झाल्यावर पाच वर्षांच्या आत प्रकृतीमुळे पुन्हा काम सुटले, तर तो शीघ्र पूर्ववत करण्याची तरतूद १९९९च्या कायद्याने केली. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३पासून अपंगत्वाच्या वाढीव खर्चासाठी जो भत्ता देण्यात येतो, तो मनुष्य नोकरी करतो की नाही, यावर अवलंबून नसतो.

त्या देशांची संपत्ती निराळी आणि प्रशासनही निराळे. त्यांचे जसेच्या तसे अनुकरण करावे असे नाही. परंतु त्यामागील शहाणपण घेण्यासारखे आहे. विहिरीत उतरणाऱ्या माणसाला वर कोणी दोर धरून उभा आहे एवढी खात्री हवी असते. काम करून पाहावे आणि न जमल्यास परत येता यावे, एवढा विश्वास मिळाला, तर कितीतरी माणसे घराबाहेर पडतील, आणि त्यांतील बहुतेकांना परतण्याची गरज पडू नये. आपल्याकडील कायद्यातही अशा विचाराला वाव आहे. २०१६च्या अधिनियमाने दिव्यांगांच्या निवृत्तिवेतनाची उत्पन्नमर्यादा ठरविण्याचे काम शासनाकडे सोपविले आहे, आणि समान स्वरूपाच्या इतर योजनांपेक्षा दिव्यांगांना द्यावयाचे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे असे म्हटले आहे. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यावर अनुदान एका फटक्यात बंद करावे की टप्प्याटप्प्याने कमी करावे, हा प्रश्न अशा विभागाच्या विचारार्थ ठेवण्यास योग्य आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

धोरण बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. पुष्कळदा तो सर्वांना सारखी रक्कम वाटून संपविला जातो. कामावर जाऊ पाहणाऱ्या माणसाला तीनचाकी सायकल, शिलाई यंत्र, श्रवणयंत्र अशा साधनासाठी त्यातून साहाय्य झाले, तर पगारातून जाणारा वाढीव खर्च तितका कमी होतो आणि नोकरी टिकण्याची शक्यता वाढते.

ज्याला नोकरीची संधी आली आहे, त्याच्यासोबत बसून सरपंचाने, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा शिक्षकाने कागदावर हिशेब मांडावा. घरात येणारे पैसे कोणकोणत्या योजनेचे आहेत, त्यांतील कोणते चालू राहतील आणि कोणते बंद होतील, हजेरीपटावर नाव लागल्यावर विमा व भविष्यनिर्वाह निधी यांचे कोणते हक्क मिळतील, हे त्याला स्पष्ट सांगावे. अनुदान सोडावयाचे झाल्यास तहसील कार्यालयास लेखी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. नोकरी सुटली, तर पुन्हा अर्ज करताना हाच कागद त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष देईल. कार्यालयांनीही अशा अर्जाकडे संशयाने न पाहता त्याला अग्रक्रम द्यावा.

कारखान्यात जाणाऱ्या तरुणांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. अपघात लहान असो की मोठा, त्याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. अंगठ्याचे पेर गेले, मालकाने खाजगी दवाखान्यात मलमपट्टी करून दिली आणि चार हजार रुपये हातावर ठेवले, एवढ्यावर प्रकरण मिटविणारे पुष्कळ असतात. नोंद नाही म्हणजे पुढे वैद्यकीय मंडळ नाही, आणि मंडळ नाही म्हणजे तहहयात लाभही नाही.

खोटी प्रमाणपत्रे घेऊन लाभ लाटणारे लोक असतात, हे नाकारून चालणार नाही. त्यांच्यासाठी २०१६च्या अधिनियमात २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अशी तक्रार आल्यास तिची चौकशी अवश्य व्हावी. परंतु चौकशी प्रमाणपत्राची आणि दडविलेल्या उत्पन्नाची करावी. मनुष्य सकाळी उठून कामावर जातो, हा काही फसवणुकीचा पुरावा होऊ शकत नाही. तसा तो मानला जाऊ लागला, तर अपंगांनी काम करू नये, असाच संदेश गावाने त्यांना दिल्यासारखे होईल.

पुढच्या ग्रामसभेत तो प्रश्न पुन्हा निघेल, तेव्हा सरपंचांना कायद्याची कलमे पाठ म्हणून दाखविण्याची गरज नाही. त्यांनी एवढेच म्हणावे : "अण्णा, त्याचा पगार त्याच्या कामाचा आहे आणि ते पैसे त्याच्या अंगठ्याचे आहेत. कामावर गेल्याने अंगठा परत आलेला नाही." आणि सभा संपल्यावर त्यांनी त्या दुसऱ्या घरी जावे, मुलीच्या आईसमोर बसावे आणि नोकरीचा हिशेब तिच्याबरोबर मांडून पाहावा.